साडेतीन पायऱ्या

आमच्या दाराला साडेतीन पायऱ्या होत्या. साडेतीन म्हटलं की लोकांना शक्तिपीठं आठवतात, मुहूर्त आठवतात. आमच्याकडे तसलं पवित्र काही नव्हतं. तीन धड पायऱ्या, आणि त्यांच्या खाली गल्लीच्या काँक्रीटमधून तीन इंच डोकं वर काढून बसलेली आणखी एक. तिला पायरी म्हणावं तर उंची नाही, आणि जमीन म्हणावं तर ठेच लागते.

काळाचौकीतली आमची चाळ बैठी. एकच मजला, जोतं उंच, आणि प्रत्येक खोलीला गल्लीत उतरणाऱ्या आपापल्या पायऱ्या. मी लहान असताना आमच्या पाच होत्या. मग दर काही वर्षांनी, निवडणुका जवळ आल्या की गल्लीवर नवं काँक्रीट पडायचं. जुनं आधी खरवडून काढायचं असतं, हे कोणाच्या गावीही नसायचं. जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं. गल्ली वर येत गेली आणि पायऱ्या खालून बुडत गेल्या. पहिली नक्की कधी गेली ते कोणाला सांगता येणार नाही. दुसरीचे ते तीन इंच उरले.

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. डोळे मिटून जिना उतरणारा माणूस पायऱ्या मोजत नाही, त्याचा पाय उंची लक्षात ठेवतो, आणि एकच पायरी वेगळ्या उंचीची निघाली की पाय फसतो, हे मला न कळण्यासारखं नव्हतं. कळत होतं. तरी मी काही केलं नाही. का, तर चाळ पाडून टॉवर होणार होता.

टॉवर होणार हे मी सतरा वर्षं ऐकतेय. मीटिंगा झाल्या, सह्या झाल्या, दोनदा पेढेसुद्धा वाटून झाले. टॉवर काही आला नाही, पण चाळीत सगळ्यांनी साधा खिळा ठोकायचंही बंद केलं. पत्रा गळतोय, गळू दे. मोरी फुटलीय, चालवून घे. आता कशाला खर्च, टॉवरच होणार आहे. पायऱ्यांचा लोखंडी कठडा गंजून एक दिवस हातात आला, तो भंगारवाल्याला देऊन टाकला. आई म्हणाली, नवीन लाव. मी म्हटलं, "आता कशाला गं?" हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मी ते घालणार नाही.

आई चौऱ्याऐंशीची. मालवणकडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या खोलीत आली ती आलीच. मुंबईत पासष्ट वर्षं काढली, तरी बोलणं मालवणीच. वडील गिरणीत होते, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघीच, आणि दोघींनाही दुसरीचं ऐकून घ्यायची सवय नाही.

रोज दहाच्या सुमाराला गल्लीत कोळीण येते. आईचा दिवस खरा तिथे सुरू व्हायचा. पायऱ्या उतरायच्या, पाटीसमोर उकिडवं बसायचं, बांगड्याचे कल्ले उचलून बघायचे, नाक मुरडायचं, भाव पाडायचा. मग समोरच्या कट्ट्यावर बसून चाळीतल्या बायकांशी तासभर गप्पा. मासे हे निमित्त. पण निमित्तसुद्धा ताजंच लागायचं.

गेल्या वर्षी अशाच एका सकाळी उतरताना त्या अर्ध्या पायरीने दगा दिला. पायाला सात इंचांची सवय, खाली निघाले तीन. हात कठड्याकडे गेला आणि कठडा नव्हता. मी आत चहा गाळत होते. आवाज ऐकून बाहेर आले तर आई गल्लीत कुशीवर पडलेली, आणि कोळीण तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. मनगट मोडलं होतं, कंबरेला मार होता. आई रडत नव्हती. "साडी नीट कर माझी," एवढंच म्हणाली.

मनगट जुळलं. कंबर बरी झाली. डॉक्टर म्हणाले, आता चालवा यांना, रोज बाहेर काढा. या वयात चालणं एकदा सुटलं की सुटलं. पण आई दाराच्या पुढे येईना. काठी घेऊन उंबरठ्यापर्यंत यायची, त्या उतरणीकडे बघायची आणि माघारी फिरायची. खुर्ची घालून दारात बसायला लागली. कोळीण खालून एक एक बांगडा वर करून दाखवायची. आई म्हणायची, "दे खयचो पन." आईच्या तोंडून "कुठलाही दे" हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला भीती वाटायला लागली. सात महिने झाले होते, पोटऱ्या वाळत चालल्या होत्या, आणि हळूहळू ती दारात खुर्चीवर बसायचंसुद्धा टाळायला लागली होती.

मग मी मिस्त्री बोलावला. त्याने पायऱ्या पाहिल्या, तोंडातला तोबरा गल्लीत रिकामा केला आणि म्हणाला, "छोटं काम आहे ताई, रविवारी येतो." तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी फोन केला तर म्हणतो, "कशाला करताय ताई, टॉवर होणार आहे ना तुमचा?" मी फोन ठेवला. ज्या मुलांना मी आयुष्यभर आपली गणितं आपण सोडवा म्हणून सांगितलं, ती मला हसली असती. त्याच संध्याकाळी नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून छिन्नी, हातोडा, थापी आणि घमेलं घेऊन आले. बाकी मोबाइलवर बघून शिकायचं ठरवलं.

समोरच्या खोलीत एक गृहस्थ राहतात. गृहस्थ म्हणायचं ते वयामुळे; आम्ही एकाच गल्लीत लगोरी खेळून मोठे झालो, तेव्हा अरे-तुरेच. गिरणीत फिटर होता, गिरणी बंद पडल्यावर प्लंबिंग करून संसार ओढला. मला छिन्नी घेऊन बसलेली बघून तो दात घासता घासता बाहेर आला.

"काय गं, पेन्शन पुरत नाही का?"

"पायऱ्या करतेय. येतोस तर ये, नाहीतर तिकडे थुंक."

"हातोडा उलटा धरलायस."

उलटा नव्हता धरला. पण तो चूळ भरून आला, आणि पहार घेऊनच आला. तोंडाने कितीही फटकळ असला तरी कामाला माणूस वाघ आहे.

पायऱ्या विटांच्या होत्या, वरून सिमेंटचा कोबा. दोन दिवसांत सगळं फोडून बाजूला केलं. ये-जा करायला मी दाराला जुनं स्टूल लावलं होतं. आई आतून बघायची. खालच्या पायरीला पाया म्हणून गल्लीचं काँक्रीट थोडं फोडलं, तर चार इंचांवर पहार खणकन वाजली. माती हाताने बाजूला केली. खाली काळा दगड. चांगला रुंद, कडा गोल झालेल्या, आणि डाव्या अंगाला तळहातभर खळगा. ही आमची पहिली पायरी. वरच्या चार विटांच्या असल्या तरी चाळ बांधणाऱ्याने पहिली मात्र दगडाची घातली होती, पावसाच्या पाण्याने झिजू नये म्हणून. मी तिला पन्नास वर्षांनी बघत होते. त्या खळग्यात पाणी साचायचं आणि मी त्यात चिंचोके भिजत घालायचे.

"काढायचा का?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? यापेक्षा चांगला पाया तुला कोण देणार आहे? अर्ध्या दगडावर तुझी पायरी चढव, अर्धा राहू दे पुढे गल्लीखाली. तुझ्यामाझ्यानंतरही हलणार नाही तो."

तसंच केलं. दगडाच्या मागच्या अर्ध्या भागावर वीटकाम सुरू केलं आणि पुढचा अर्धा पुन्हा काँक्रीटने झाकून गल्लीच्या पातळीला आणला.

आता गणित. गल्लीपासून दारापर्यंतची उंची भरली चोवीस इंच. तीन पायऱ्या केल्या तर आठ इंचांची एक. आईच्या गुडघ्याला ते जमणार नाही. पाच केल्या तर पाच इंचांच्याही आत येते, उंचीला उत्तम. पण पाचवीला जागा कुठली आणायची? तेवढ्या पुढे गेलो तर सगळा उतार गटाराच्या झाकणावर जातो, आणि गल्लीतून स्कूटर जाणार नाही. चार केल्या तर बरोबर सहा. चोवीसला चाराने भाग जातो, बाकी शून्य. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला तिथेच खडूने भिंतीवर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "बाई, मी नापास झालो तरी चालेल, पण रेती चाळ."

नऊ दिवस काम चाललं. दोरी लावून वीट बसवायची, पाणसळ ठेवून बुडबुडा मध्ये आहे का बघायचं, नसला की थापीच्या दांड्याने ठोकायचं. पहिल्या दिवशी चार विटा झाल्या आणि माझी कंबर गेली. तिसऱ्या दिवशी हात बसला. येणारा जाणारा थांबून अक्कल शिकवायचा. "बाई, उतार थोडा पुढे काढा." "बाई, सिमेंट जास्त झालं." एक जण म्हणाला, "टॉवर होणार आहे, उगाच मेहनत." त्याला मी म्हटलं, "टॉवर होईपर्यंत माझ्या आईने उडत खाली यायचं का?" शाळेतला आवाज लागला. परत कोणी थांबलं नाही.

चौथी पायरी दाराच्या पातळीला आणून तिचा चांगला ओटा केला, म्हणजे आईला दारातून निघाल्यावर दोन पावलं टाकून मग उतरता येईल. वरून कोबा, आणि कोबा ओला असताना त्यावर खराटा फिरवून रेघा पाडल्या, पाय सरकू नये म्हणून. मग आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं.

कठडा त्याचा. वेल्डिंगची भानगडच नको म्हणाला. पाण्याचे जाड पाइप कापून त्यांना आटे पाडले, कोपऱ्याला वळणाचा एल्बो, खाली चकतीसारखा फ्लँज, आणि बोल्टने जमिनीत घट्ट. दोन्ही बाजूंना, कारण उतरताना उजव्या हाताला येणारा कठडा चढताना डावीकडे जातो. उंची किती ठेवायची यावर वाद झाला. तो पुस्तकी माप सांगत होता. मी आत गेले, आईला दाराच्या चौकटीला टेकून उभी केली, हात सरळ खाली सोडायला लावला आणि तिच्या बांगडीच्या वर चार बोटं पेन्सिलने खूण केली.

"ह्यां काय चललाहा?" आई म्हणाली.

"तुझ्या हाताचं माप घेतेय."

मी पेन्सिल ठेवेपर्यंत तिने हात हलवला नाही. मला वाटलं, जमलं.

शेवटच्या दिवशी पाइपला हिरवा रंग मारला. वाळायला दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, आईला नवी साडी नेसवून दारात आणलं. तो समोर कमरेवर हात ठेवून उभा. मी खालच्या पायरीवर, तोंड आईकडे करून. कोळीण यायची वेळ झालेली.

आई उंबरठ्यापाशी थांबली. काठी टेकून खाली बघितलं. मग काठीचं टोक हवेत खालून वर एक एक पायरीवर नेत पुटपुटली, आणि शेवटी ओट्यावर थांबली.

"चार कित्याक केलंस?" ती म्हणाली.

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फार उशिरा पडला.

आमच्याकडे पायऱ्या मोजायची एक रीत आहे. सगळीकडेच आहे म्हणतात, शब्द वेगळे असतील. घरात शिरताना खालून मोजायचं: पहिली लक्ष्मी, दुसरी अक्काबाई, तिसरी लक्ष्मी. अक्काबाई म्हणजे जिचा फेरा आला की घर धुऊन निघतं ती. दाराशी जी पायरी येते ती लक्ष्मीचीच आली पाहिजे. म्हणून पायऱ्या विषम: तीन, पाच, सात. लहानपणी मी शाळेतून आले की हेच ओरडत उड्या मारत वर यायचे, आणि आईने आतून विचारायचं, "कोण इला?" मी म्हणायचं, "लक्ष्मी इली." हे मी कसं विसरले? गल्लीने पायऱ्या खाल्ल्या तशी मोजणीही बंद पडली, साडेतिनाला कोण काय म्हणणार. आणि मी चोवीसला चाराने भाग जातो म्हणून खडूने भिंतीवर नाचले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"अगं आई, असं काही नसतं."

"तुका नसतला. माका असा."

"उंबरठा धर ना पाचवा."

"उंबरठो घराचो. पायरी वाटेची." आणि आत वळून खुर्चीवर बसली. "अक्काबाई दारात बसयलंस. मी थय पाय ठेवचंय नाय."

मी भडकले. नऊ दिवस घाम गाळला, हाताची सालं निघाली, एका मिलिमीटरचा फरक नाही एका पायरीत, आणि ही बाई मला अक्काबाई सांगतेय. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. ऐंशी वर्षं देव देव केलंस म्हणून पडायची थांबलीस का, हेही बोलले. हे बोलायला नको होतं. समोरचा हळूच आपल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. भर सकाळी आमच्या चाळीत कोणी दार लावत नाही.

तीन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. कोळीण आली की मी उतरायचे, माझ्या त्या सुरेख पायऱ्यांवरून, हिरव्या कठड्याला हात न लावता. कोळीण म्हणायची, "आजी नाय येत?" मी म्हणायचे, "नाही." मी आणलेले मासे आई न बोलता साफ करायची. एकदा नुसतं हुंगून म्हणाली, "कालचे असत." तेवढंच.

पण मला कळत होतं की हा नुसता हट्ट नाही. ती घाबरलेली होती. पडल्यापासून तिच्या मनात भीती बसली होती, आणि भीतीला धरायला काहीतरी लागतं. कठडा मी दिला होता, पण तो हाताला. ती पहिल्यांदा या दारात आली ती मोजून आली होती, सासूने मोजायला लावलं होतं, आणि त्यानंतर घरात जे काही बरं झालं ते तिच्या लेखी त्या मोजणीवर झालं होतं. मी असं काही मानत नाही. पण उतरायचं तिला होतं, मला नव्हतं.

चौथ्या दिवशी तिने दारापर्यंत येणंही सोडलं. सकाळी उठल्यावर म्हणाली, "पाय जड झालेत. आज पडून रवतंय." मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. मी छिन्नी-हातोडा घेतला आणि बाहेर आले. चारच्या तीन करायच्या. आठ इंच तर आठ इंच, मी तिला धरून चढवीन, उचलून चढवीन. वरच्या पायरीच्या कडेला छिन्नी लावली. कोबा इतका पक्का झाला होता की पहिल्या ठोक्याला नुसती धूळ उडाली. दुसरा ठोका घातला आणि मला रडूच आलं. स्वतःच्या हाताने बांधलेलं फोडताना एवढं वाईट वाटतं हे मला माहीत नव्हतं.

"काय करतंस गो?"

आई दारात उभी होती. काठीशिवाय, चौकटीला धरून.

"तीन करतेय. तुझी अक्काबाई काढतेय."

तिने माझ्याकडे बघितलं. माझं नाक वाहत होतं, केसांत धूळ. मी एकोणसाठ वर्षांची आहे, पण त्या वेळी वाटत नव्हते.

"मोडू नको," ती म्हणाली. "मी हयच बरी असंय. तुझ्यो पायऱ्यो चांगल्यो झाल्यो."

हे ऐकून तर माझा धीरच सुटला. भांडली असती तर परवडलं असतं. मी तिथेच बसले, ओट्यावर, छिन्नी मांडीवर घेऊन. आई चौकट धरून हळूहळू खुर्चीत बसली. समोरच्याच्या रेडिओवर बातम्या चालल्या होत्या.

मग आईने विचारलं, "खणलंस तेव्हा खाली काय गावला?"

"काय गावणार? माती. आणि ती जुनी पायरी. दगडाची."

"काढलंस?"

"नाही. तिच्यावरच तर बांधलंय. अर्धी तिथे पुढे आहे गल्लीखाली."

आई पुढे वाकली. "तू बघितलंस? तुझ्या डोळ्यांनी?"

"बघितली. डाव्या बाजूला खळगा आहे तिला, एवढा."

"डाव्याच," आई म्हणाली. "नळ तिकडे होतो. हंडो घेवन येताना सगळ्यांचो पाय थयच पडे." तिने स्वतःच्या डाव्या पायाकडे बघितलं. "त्या खळग्यात माझो पन वाटो असा."

मी नाक पुसलं. आई बोटांवर मोजत होती. करंगळीपासून सुरुवात केली आणि अंगठ्यावर आली. मग माझ्याकडे असं बघितलं, मी वर्गातल्या ढ मुलाकडे बघायचे तसं.

"मग चार खय? पाच झाल्यो मां."

बत्तीस वर्षं गणित. आणि काखेत कळसा.

"ती दिसत नाही आई," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे. आलेला मासा पाण्यात परत सोडण्यातला प्रकार.

"दिसना नाय म्हणान काय झाला? असा मां? तुझे बापूस दिसतत काय?"



दहा वाजता कोळीण आली. आई म्हणाली, "काठी आण." मी खाली जाऊन उभी राहिले, हात पुढे करून. तिने हात घेतला नाही. उजवा हात हिरव्या कठड्यावर ठेवला. बांगडी पाइपला लागून वाजली. ओट्यावर दोन पावलं, मग डावा पाय खाली, मग उजवा त्याच पायरीवर. थांबली. परत डावा. समोरचा दारात आला होता, तोंडात ब्रश तसाच. सहा इंच, सहा इंच, सहा इंच. शेवटच्या पायरीवरून गल्लीत पाय ठेवताना ती सगळ्यात जास्त थांबली, कारण पडली होती ती तिथेच. पायाने आधी चाचपून बघितलं. मग उतरली.

कोळणीने पाटी डोक्यावरून खाली ठेवली आणि आईच्या तोंडाकडे बघून पदर डोळ्याला लावला. आईला उकिडवं बसता येत नाही आता. मी स्टूल आणलं. ती बसली, बांगडा उचलला, कल्ला वर केला.

"हो कालचो," ती म्हणाली.

"आजचाय आजी, आईशपथ."

"मी इतके महिने नाय म्हणान कसलो पन खपयतंस काय?"

मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. पाऊण तास भाव चालला. शेवटी बोंबील घेतले.

परत येताना मी मागे राहिले, पडली तर धरायला. पायऱ्यांच्या पुढे, सपाट गल्लीत, आई थांबली. समोर फक्त काँक्रीट होतं, मीच ओतलेलं. तिने डावीकडे थोडं सरकून जागा धरली, पाऊल त्यावर ठेवलं आणि म्हणाली, "लक्ष्मी." मग माझ्या पहिल्या पायरीवर पाय. "अक्काबाई." कठडा धरून दम घेतला. "लक्ष्मी." पुढची अक्काबाई तिने घाईने उरकली. ओट्यावर आली, सरळ उभी राहिली आणि नुसती हसली.

मी तिच्या मागोमाग पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"तशी नको," वरून आई म्हणाली. "खाली जा. पहिल्यापासून मोज."

समोर तो उभा होता, कोळीण पाटी भरत होती, दोन पोरी क्लासला चालल्या होत्या. मी खाली उतरले. सपाट गल्लीत, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे डावीकडे सरकून पाय ठेवला आणि मोठ्याने मोजत वर आले. आई तोपर्यंत बोंबील घेऊन आत गेली होती. मी ओट्यावर पोहोचले तेव्हा आतून तिचा आवाज आला.

"कोण इला?"